हॅझल स्ट्रीटवरची रहदारी

याद्विगा ग्रोमेकला मोटार चालवता येत होती, फक्त डावीकडे वळवता येत नव्हती. डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी गाडी किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचा, आणि तिचा अंदाज पुरा होईपर्यंत ती गाडी येऊन निघूनही जाई. गाडी मागे घेण्याचा नाद तर तिने पहिल्याच दिवशी, शेजारच्या पावलाकबाईंचं कुंपण जमीनदोस्त करून, सोडून दिला होता. राहता राहिलं सरळ जाणं आणि उजवीकडे वळणं. तेवढ्या विद्येवर माणूस कुठे पोचत नाही, पण आपल्या घराभोवती हवा तितका फिरू शकतो. हॅझल स्ट्रीट, मग चर्चचा कोपरा, मग मागची गल्ली, मग बेकरी, की पुन्हा हॅझल स्ट्रीट.

सत्तावन्नाव्या वर्षी हा खटाटोप होता तो नवऱ्याच्या, बोलेकच्या डोळ्यांपायी. येत्या नाताळनंतर गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, आणि रविवारी सरोवरावर मासे धरायला गेल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. तेव्हा घरात कुणीतरी शिकणं भाग होतं. शिकाऊ माणसाशेजारी परवाना असलेला माणूस बसलेला पाहिजे, असा कायदा होता. तो जागा असला पाहिजे, असं कायद्यात कुठे म्हटलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला बोलेकची हनुवटी छातीवर टेकायची.

आणि मग याद्विगाला रस्ता दिसू लागायचा. सोळाव्या वर्षापासून ती कुणा ना कुणाच्या शेगडीपुढे उभी होती. नुसतं बसून पुढे जात राहण्यात किती सुख असतं, हे तिला आता कळत होतं. फेरीमागून फेरी होई तशी घरं विरघळत जात, कोपरे पुसले जात, आणि समोर एक रुंद, पांढरा, कुठेच न थांबणारा रस्ता उलगडे. तो घरांच्या छपरांवरून अलगद चढत जाई आणि त्यावर तिची एकटीची गाडी असे. सकाळी बीटाचं सूप मंद आचेवर ठेवून ती निघे ती दुपारी येई, आणि जेवणं उरकली की पुन्हा पाचपर्यंत.

जूनच्या सुरुवातीला दोन माणसं आली. हॅझल स्ट्रीटवर आडवी एक काळी रबरी नळी ठोकून, तिच्या टोकाची पेटी त्यांनी दिव्याच्या खांबाला साखळीने बांधली आणि दोघं निघून गेली. नळीवरून गाडी गेली की टप-टप असा आवाज येई. याद्विगाला तो आवडला. प्रत्येक फेरीला दारात उभं राहून कुणीतरी 'आलात का?' म्हणतंय, असं तिला वाटे.

पंधरा दिवसांनी चर्चच्या तळघरात सभा भरली. रस्ते खात्याचे इंजिनियर लिंडक्विस्ट कानावर पेन्सिल खोचून नकाशापुढे उभे होते. शहरातून नवा द्रुतगती मार्ग जायचा होता. नकाशावर त्याच्या दोन रेघा होत्या: एक रेल्वेच्या कडेने, दुसरी थेट हॅझल स्ट्रीटवरून.

"खरं सांगायचं तर रेल्वेच्या कडेनेच न्यायचा आमचा विचार होता," लिंडक्विस्ट म्हणाले. "पण त्या नळीची मोजणी पाहून आम्ही चाट पडलो. बावीस घरांची गल्ली, आणि आठवड्यात दोन हजार तीनशे गाड्या! एवढे लोक इथून कुठेतरी निघालेत."

"कुठे निघालेत?" पावलाकबाईंनी विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही, बाई. पण जायची त्यांची इच्छा दांडगी आहे."

याद्विगाने बोलेकला कोपराने ढोसलं.

"बोलेक, त्या गाड्या म्हणजे मी."

"कोणत्या गं?"

"सगळ्या."

"सगळ्या कशा असतील? दुधवाल्याच्या असतील ना थोड्या," बोलेक न्यायबुद्धीने म्हणाला. "मग ऊठ आणि सांगून टाक."

सांगायचं कसं? दिवसदिवसभर काय करत होतीस, असं कुणी विचारलं तर? तो रस्ता तिने कुणालाच, बोलेकलाही, सांगितला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे नकाशावरच्या त्या दुसऱ्या रेघेवरून तिची नजर हलत नव्हती. तोच रस्ता होता. तसाच रुंद, तसाच छपरांवरून चढणारा. फक्त त्याच्याखाली तिचं स्वयंपाकघर येत होतं, जिथे तिची तिन्ही मुलं लहानाची मोठी झाली होती. ती उठली आणि जे सांगायचं ते सोडून म्हणाली, "मोजणी चुकली असेल, साहेब. पुन्हा मोजा."

लिंडक्विस्ट भले गृहस्थ होते. ते कबूल झाले. त्यांची पाठ फिरताच पावलाकबाईंनी गल्लीचा ताबा घेतला.

"नीट ऐका! नळी आहे तोवर हॅझल स्ट्रीटवर चाक फिरता कामा नये. एकही! फिरलं तर माझ्याशी गाठ आहे."

गल्लीने तो आठवडा व्रतासारखा पाळला. दुधवाल्याने बाटल्या कोपऱ्यावर उतरवल्या आणि बायकांनी त्या ॲप्रनमध्ये वाहून आणल्या. बाबागाडी दोघांनी उचलून, बाळासकट, नळीपलीकडे नेली. शनिवारी एक नवरी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धरून चर्चला चालत गेली आणि नळी आली तेव्हा तिने, उगाच शंका नको म्हणून, उडी मारली. आइस्क्रीमच्या गाडीला पावलाकबाईंनी झाडू घेऊन बेकरीपर्यंत पिटाळलं. शुक्रवारी त्यांच्याच घरी सॉसेजं जळून खिडकीतून धूर निघाला, तेव्हा कुणीतरी बंब बोलवायला धावलं. "खबरदार!" त्या धुरातून ओरडल्या. "बंबाला सहा चाकं असतात!" मग सगळ्यांनी बादल्यांनी विझवलं.

याद्विगा गॅरेजमध्ये उभ्या गाडीत जाऊन बसायची. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. पण उभ्या गाडीत रस्ता काही येत नव्हता. समोर नुसती भिंत आणि तिला टांगलेले मासे धरायचे गळ.

दुसऱ्या सभेला तळघरात उभं राहायला जागा नव्हती. लिंडक्विस्टनी कागद वर धरला.

"शून्य," ते म्हणाले.

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. पावलाकबाईंनी याद्विगाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. लिंडक्विस्टही मनापासून हसत होते.

"तुम्ही माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत! मला एकच घोर होता. काम सुरू झाल्यावर त्या दोन हजार तीनशे गाड्या वळवायच्या कुठे? आता प्रश्नच मिटला. हा रस्ता कुणी वापरतच नाही. तेव्हा नवा मार्ग इथूनच."

टाळ्या थांबल्या.

याद्विगा उभी राहिली.

"साहेब, पहिल्या वेळच्या गाड्या म्हणजे मी होते."

लिंडक्विस्ट सभ्यपणे हसले. "बाई, एक माणूस एकाच गल्लीतून दोन हजार तीनशे वेळा कशाला जाईल?"

"मला डावीकडे वळता येत नाही," ती म्हणाली. लोक हसले. पण ती बसली नाही. "आणि मला रस्ता दिसायचा. तुमचाच. तुम्ही नकाशा लावलात तेव्हा मी ओळखला. फार देखणा आहे, साहेब. पण तो आमच्या स्वयंपाकघरावरून जातो, पावलाकबाईंच्या अंगणावरून जातो. मला तो फार हवाय, तरी मी सांगते, इथे नको."

आता कुणी हसलं नाही. लिंडक्विस्टनी पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा खोचली, आणि म्हणाले, "दाखवा बघू."

सगळी सभा रस्त्यावर आली. संध्याकाळचं पिवळं ऊन बेकरीच्या भिंतीवर पडलं होतं. लिंडक्विस्ट तिच्या शेजारी बसले, बोलेक मागे. पहिल्या फेरीला लिंडक्विस्टनी वहीत एक रेघ मारली. दुसरीला दुसरी. तिसरीला मागून घोरणं ऐकू आलं. नवव्या फेरीनंतर वहीत रेघ पडली नाही. पंधराव्या फेरीला ते हळूच म्हणाले, "चर्चनंतर थोडा चढ द्यायचा माझ्या मनात होता. म्हणजे तिथून सरोवर दिसलं असतं."

"दिसतं की," याद्विगा म्हणाली. "डाव्या हाताला."

"हो," लिंडक्विस्ट म्हणाले. "दिसतंय खरं."

मार्ग रेल्वेच्या कडेने गेला. पत्र आलं त्या दिवशी याद्विगा शेगडीशी उभी राहून मनसोक्त रडली, आणि पावलाकबाईंनी पिरोगींचं, त्या उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं पाठवून दिलं. पण लिंडक्विस्ट प्रामाणिक माणूस. त्यांनी अहवालात खरं तेच लिहिलं होतं: हॅझल स्ट्रीटवर एकच वाहन असून ते रोज तीनशे फेऱ्या घालतं आणि चालकाचं लक्ष दुसरीकडे असतं. वरच्यांनी अहवाल वाचला. ऑक्टोबरात चारही कोपऱ्यांवर सिग्नल उभे राहिले.

आता प्रत्येक फेरीत चारदा थांबणं आलं. रस्ता जरा कुठे रुंद व्हायला लागे, छपरं जरा खाली जायला लागत, की लाल दिवा. आठवडाभर याद्विगा चडफडली. घर वाचलं होतं, त्याच घराभोवती तिची वाट अडली होती, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

मग एका सकाळी चर्चच्या कोपऱ्यावर लाल दिवा लागला, ती थांबली, आणि थांबल्या जागी गाडीचं नाक किंचित वर उचलल्यासारखं झालं. दिवा हिरवा झाला. पुन्हा लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. मागे बेकरीची गाडी येऊन उभी राहिली, तिच्यामागे दुधवाला, त्याच्यामागे सिग्नल बघायला आलेले लिंडक्विस्ट. हॅझल स्ट्रीटच्या इतिहासातला पहिला खोळंबा होता तो. बेकरीवाला भोंगा वाजवत होता, दुधवाला वाजवत होता. लिंडक्विस्ट वाजवत नव्हते. त्यांनी इंजिन बंद केलं होतं.

भोंग्यांनी बोलेक दचकून जागा झाला.

"अगं, हिरवा झालाय ना?"

"झालाय," याद्विगा समोर बघत म्हणाली. "जरा दम धर. आत्ताच चढ लागलाय."