नाथूभाऊंचा संशय आणि बाळाची शू

मुलांनो, आमच्या समोरच्या घरातले नाथूभाऊ लग्नपत्रिकासुद्धा उजेडाला धरून पाहतात. दुधाची पिशवी, औषधाची गोळी, जावयाचा फोटो, सगळ्याची आधी खिडकीत तपासणी. उभं आयुष्य त्यांनी साडीच्या कारखान्यात, फोल्डिंग खात्यात काढलं. कापडाचा ताका उलगडायचा, तुटका धागा शोधायचा आणि त्यावर खडूची खूण करायची. खडू सुटला, नजर सुटली नाही.

"कोठे तरी धागा तुटेल शे," म्हणजे कुठेतरी धागा तुटलेला आहेच, हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. वीजबिल कमी आलं, धागा तुटेल शे. शेजारीण हसून बोलली, धागा तुटेल शे. मी एकदा त्यांच्याकडे तिळगूळ पाठवला, तर विचारायला आले, "बाई, आज कसं काय एकदम?" संक्रांत होती.

(शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी इथे गुजराती मुलखात, आमच्या गोडादऱ्यात मला अजून सगळे 'बाई'च म्हणतात.)

त्यांच्या सुनेला दिवस पूर्ण व्हायच्या आत मुलगा झाला. जन्मल्यावर रडला नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या. नाथूभाऊ माझ्या दाराशी आले.

"बाई, चला. ती डॉक्टरीण इंग्रजीत बोलते. मुद्दाम बोलते."

मी गेले. डॉक्टरीण तरुण होती आणि चक्क गुजरातीत बोलत होती. तिला बाळाची लघवी तपासायला हवी होती, एवढंच.

"मना नातूनं मूत यास्ले कसाले जोयजे?" नाथूभाऊ माझ्या कानात कुजबुजले, इतक्या मोठ्यानं की नर्सनं वळून पाहिलं.

त्यांच्या घरचा रिवाज आहे. तान्ह्या बाळाचं ओलं बाळोतं परक्याच्या हाती द्यायचं नाही, दिवेलागणीनंतर दोरीवरही ठेवायचं नाही. कोण त्यावर काय करील सांगता येत नाही. आणि इथे तर अनोळखी माणसं बाळाला चिकटपट्टीनं पिशवी लावून थेंब थेंब गोळा करणार!

"सकाळी रक्त नेलं ना? मग आता हे कशाला?" त्यांनी डॉक्टरणीला दरडावलं.

"काका, रक्तात उशिरा कळतं. शिवाय पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तात किडनीचा जो आकडा दिसतो, त्यात आईचाही हिस्सा असतो. जन्मताना बाळाचा श्वास कोंडला होता. किडनीला मार बसला असेल, तर त्याच्या खुणा लघवीत आधी दिसतात."

"पण शू होते आहे की. सिस्टर म्हणाली, रंगही चांगला आहे."

"होते आहे. रंगही चांगला आहे. तरी मला संशय आहे."

संशय! परक्या स्टेशनावर आपल्या गावचं माणूस भेटावं तसा नाथूभाऊंचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुमची खात्री नाही?"

"नाही. या तपासणीनंही पक्कं ठरत नाही, नुसता इशारा मिळतो. पण इशारा मिळाला, तर किडनीला जड जाणारं औषध मी आजच बदलीन."

नाथूभाऊ माझ्याकडे वळले. "बाई, ही पोरगी आमच्या फोल्डिंग खात्यात पाहिजे होती."

परवानगी दिली, पण संशय गेला नाही. तो खालच्या मजल्यावर गेला. नमुना लॅबच्या खिडकीत नातेवाइकांनीच पोचवायचा असतो. नाथूभाऊंनी लॅबवाल्याला नळीवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. मग विचारलं, "बाकीच्या पोरांचं कुठे ठेवता? जवळजवळ तर नाही ना?"

"काका, तुम्हीच आत येऊन तपासा ना!" लॅबवाल्यानं हात जोडले.

"येतो," म्हणाले नाथूभाऊ, आणि खरंच निघाले. मी सदरा ओढून थांबवलं.

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरणीनं त्याच दिवशी औषध बदललं. किडनी सावरते आहे की आणखी खचते आहे, हे पाहायला दुसऱ्या दिवशी पुन्हा शू हवी होती. त्या दिवशीच्या रिपोर्टात आकडे उतरले होते, म्हणजे किडनी सावरत होती. आता रांगणारा तो गडी तुम्ही फोनवर पाहताच. पण मला सांगायचं आहे ते तो रिपोर्ट यायच्या आधीचं.

त्या दुसऱ्या दिवशी नाथूभाऊ नळी घेऊन खाली गेले, मी सुनेजवळ बसले होते. तेवढ्यात लॅबमधून वर निरोप आला, नमुना पोचलाच नाही. सून रडायला लागली. बाळानं मोठ्या मुश्किलीनं दिलेले ते चार थेंब, उशीर झाला तर वाया जाणार होते. आता मलाच संशय आला. रिवाजापायी या माणसानं नळी कुठल्या झाडाखाली रिकामी केली की काय?

नाथूभाऊ जिन्यात बसले होते. मूठ गच्च मिटलेली.

"नाथूभाऊ! अहो, अजून इथेच? द्या ती खिडकीत आधी!"

ते उठले नाहीत. मूठ जराशी उघडली. आत नळी.

"बाई, मला बाळापाशी आत सोडत नाहीत. काचेतून बघा म्हणतात. मुलानं बोट लावलं, सुनेनं लावलं. मी अजून हात नाही लावला त्याला." मग खाली बघत म्हणाले, "आजून गरम शे."

मी क्षणभर त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. मग म्हटलं, "चला, मी येते बरोबर."

खिडकीतून लॅबवाल्यानं हात पुढे केला. नाथूभाऊंनी नळी त्याच्या तळहातावर आडवी ठेवली आणि आपला हात खालून लगेच काढला नाही.

"धीमे पकडजो, भाई," त्याच्या गुजरातीत म्हणाले.