सासऱ्यांचं प्रोटीन

माझे सासरे कोणालाच ‘कसा हायस?’ असं विचारत नाहीत. ‘प्रोटीन खातोस का नाय?’ असं विचारतात. रिक्षावाल्याला, लग्नातल्या भटजींना, एकदा तर मयताला आलेल्या पाहुण्यांनाही.

शिरढोणजवळची त्यांची शेती बिल्डरकडे गेली आणि तिथे आमची सोसायटी उभी राहिली, पण त्यांनी चंपा गाय सोडली नाही. इमारतीमागेच तिचा गोठा. ती व्यायली की सासरे सरकीची पेंड भिजवतात, हरभऱ्याची चुनी मिसळतात आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहतात.

“व्यायलेल्या गायीला भूक कमी आन दूध जास्त,” ते सांगतात. “पोटात नसलं तं सोताचं अंग झिजवून देते. मागत नाय ती.”

यंदा चंपा आणि मी एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिथून माझ्या अब्रूचं काही खरं राहिलं नाही.

कळंबोलीच्या ऑफिसातले साहेब आणि मैत्रिणी बाळ बघायला आले होते. सासरे उकडलेल्या अंड्यांची बशी घेऊन बाहेर आले.

“चंपा पाटी चाटूनपुसून खाते,” ते थेट साहेबांना म्हणाले, “आन हिची अंडी सकाळधरनं तशीच. दूध कसं उतरायचं?”

साहेब पंख्याकडे बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगळे गेल्यावर मी म्हणाले, “बाबा, मी गाय नाही. लोकांसमोर माझी लाज काढू नका.”

मला वाटलं, हसण्यावारी नेतील. ते जमिनीवरच बसले.

“तुज्या नवऱ्याच्या वक्ताला आमची गाय पन व्यायली होती,” ते म्हणाले. “तिला मी सोताच्या हातानं शेंगदाण्याची पेंड घालायचो. तुजी सासू पेजेवर. आई म्हनायची, बाळंतिणीला हलकंच पायजे. मी तिच्या ताटात कदी बगितलं नाय. भिंत धरून चालायची, तरी पोराला पाजायची.”

मी अंड्यांची बशी जवळ ओढली.

“एकदा गोठ्यात गेलो, तं ती गायीच्या पाटीतली पेंड खात होती. मला बगून हात पदराखाली लपवला तिनं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय नाय. मलाच लाज वाटली. मागच्या मागं फिरलो. ती गेली, तवर त्यावर आमी दोगं कदी बोललो नाय.”

ते उठले. बशीला हात लावून म्हणाले, “गार झाली. दुसरी उकडतो.”

स्वयंपाकघरात ते पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.