जरासंध काही फाटेना

"माझी शिवण आजवर उसवली नाही आणि माझ्या हयातीत उसवणारही नाही," असं सोफावाला दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. माणूस नुसता पत्ता विचारायला आलेला असला तरी सांगत असे. त्यामुळे नाटकवाल्यांनी जेव्हा त्याच्याकडे मुद्दाम उसवणारी शिवण मागितली, तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले.

पण नाटकवाल्यांच्या मागे बायको उभी होती.

"अहो, माझ्या भावाला भीमाचं काम मिळालंय," ती म्हणाली. "नोकरी गेल्यापासून पोरगा घराबाहेर पडत नव्हता, धड जेवत नव्हता. आता गदा खांद्यावर टाकून जिना चढतो. तुम्हाला दोन टाके घालायचे नसतील तर तसं सांगा."

'तसं' सांगायची सोय कुठल्या नवऱ्याला असते?

नाटक जरासंधाचं होतं. महागर्विष्ठ राजा. भल्याभल्या राजांना कोंडून ठेवलेलं, खुद्द कृष्णाशी उभा दावा मांडलेला. हा जन्मला तोच दोन तुकड्यांत, आणि जरा नावाच्या राक्षसिणीने ते तुकडे जोडले, म्हणून जरासंध. पुढे कृष्णाने एक काडी उभी चिरून दाखवली, भीमाला खूण पटली आणि त्याने जरासंधाला तसाच मधोमध चिरला. आता नाटक लिहिणारे, बसवणारे आणि जरासंध होणारे मास्तर एकच. त्यांना चिरून चालणार नव्हतं. म्हणून ऐन वेळी अंधार करायचा, मास्तरांनी सिंहासनामागे दडायचं, आणि त्यांच्या जागी कापूस भरलेला जरासंध ठेवायचा, असं ठरलं.

सोफावाल्याकडे कामं दोन. जरासंधाची मधली शिवण कच्च्या दोऱ्याने घालायची, हिसका दिला की सुटली पाहिजे. आणि भीमाला कापसाचे छाती-दंड करून द्यायचे, कारण मेव्हणा म्हणजे अस्सल काडीपैलवान. ही शिवण मात्र पक्की. दोन्ही कामं त्याने एका बैठकीत उरकली. समोर एक गिऱ्हाईक होतं. शिवण म्हणजे काय चीज असते, हे सोफावाला त्याला समजावून सांगत होता, आणि हात आपले चालू होते.

प्रयोगाच्या दिवशी पडदा वर जायच्या आधी मेव्हणा धावत बाहेर आला. कापसाच्या छातीत तो दुप्पट दिसत होता.

"ताई, बघ," म्हणत त्याने गदा उचलली. काखेत टर्र असा आवाज झाला.

"काही नाही, एक टाका सुटला," म्हणत सोफावाल्याने लोंबणारा दोरा धरला. दोरा बोटाला नुसता लागला आणि तुटला. कच्चा. सोफावाल्याचं हसू ओठांवरच वाळलं. भीमात कच्चा दोरा असेल, तर पक्का कुठे गेला?

तेवढ्यात घंटा झाली. "भावोजी, नीट बघा हं शेवटचा प्रवेश," म्हणून मेव्हणा आत पळाला.

पहिला अंक सोफावाल्याने पाहिला असं म्हणता येणार नाही. तो नुसता खुर्चीत होता. मास्तर छाती फुगवून गर्जत होते, लोक टाळ्या देत होते, आणि ह्याच्या डोळ्यांपुढे तो पक्का दोरा. चामड्याचे सोफे शिवायचा, मेण लावलेला, दुहेरी पिळाचा. त्या दोऱ्याने शिवलेला सोफा एकदा तिसऱ्या मजल्यावरून पडला होता. लाकूड मोडलं, शिवण तशीच राहिली.

"मी जरा आत जाऊन येतो," तो कुजबुजला.

"गप्प बसा," बायको म्हणाली. "तो बोलतोय."

मध्यंतरात तो आत जायला निघाला, तर दारावरचा माणूस म्हणाला, "मास्तरांनी सांगितलंय, नातेवाइकांना सोडायचं नाही. नातेवाईक रडवतात."

"अहो, जरासंध फाटणार नाही."

"म्हणजे मास्तर जिंकणार? छान."

सोफावाला परत येऊन बसला. खिशात कात्री होती, ती त्याने घट्ट धरून ठेवली.

आणि तो प्रवेश आला. अंधार झाला, उजेड आला. कृष्णाने काडी चिरली. मेव्हण्याने कापसाच्या जरासंधाच्या एका पायावर पाय दिला, दुसरा पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. जरासंध ढिम्म. त्याने पुन्हा ओढला. कृष्णाने आणखी एक काडी चिरली. मग आणखी एक. मेव्हण्याने डोळे मिटले, दात-ओठ खाल्ले आणि सगळा जीव एकवटून हिसका दिला.

भीम गळ्यापासून कमरेपर्यंत उभा फाटला.

उजवी छाती एकीकडे गेली, डावी दुसरीकडे. दंडांतून कापूस सांडू लागला, आणि मधून मेव्हणा उरला, उघडा, हाडं मोजून घ्यावीत असा. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच.

बायको हसली नाही. तिने सोफावाल्याचा हात धरला. "अहो," ती म्हणाली, "तो पुन्हा घरात कोंडून घेईल हो."

पुढचं सोफावाल्याला नीट आठवत नाही. तो थेट रंगमंचावर चढला. चष्मा, चुरगळलेला सदरा, हातात कात्री. कृष्णाने त्याला पाहिलं आणि भांबावून, पण कृष्णाच्याच आवाजात विचारलं, "कोण आहेस तू?"

"जरा..." सोफावाल्याने कात्रीनेच खूण केली. "जरा बाजूला व्हा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सिंहासनामागून मास्तरांचा भरदार आवाज आला. मास्तर पोहोचलेले. "माते जरे! तूच जोडलंस, आता तूच सोडवायला आलीस?"

टाळ्यांनी छत दणाणलं. सोफावाला गुडघ्यांवर बसून दोरा कापू लागला. कात्री चालेना, इतकी शिवण पक्की. "भावोजी, लवकर," मेव्हणा दातांतल्या दातांत म्हणाला. "हिसका दे," सोफावाला म्हणाला. दोघांनी मिळून दिला. जरासंध फाटला, आणि दोघंही कापसात उताणे पडले.

पडदा पडल्यावर मेव्हणा कुठे दिसेना. सोफावाल्याला तो कपड्यांच्या खोलीत सापडला, भिंतीकडे तोंड करून, खांदे हलत असलेला.

"चूक माझी आहे रे," तो म्हणाला. "दोऱ्यांची अदलाबदल झाली."

मेव्हणा वळला. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भावोजी, 'जरा बाजूला व्हा'?" एवढंच म्हणून तो पुन्हा भिंतीला टेकला.

सोफावाल्याने सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता बाहेर यायच्या आत बायको मास्तरांशी बोलून दारात आली. चेहरा खुललेला.

"आणखी प्रयोग ठरलेत," ती म्हणाली. "मास्तर म्हणतात, राक्षसीण हवीच. ते काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही म्हणे. मी तुमच्या वतीने हो म्हणून टाकलंय."

सोफावाल्याने कात्री खिशात घातली. मग, काही झालं तरी कारागीर माणूस, म्हणून विचारलं, "बरं. मग माझं माप घेऊन झगा शिवायला घेऊ ना?"

बायकोने आणि मेव्हण्याने एकमेकांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तो बाहेर शिवायला द्यायचं ठरलंय."