मोहरीएवढं भोक

मिस्त्री सकाळपासून शिकंज्यात आवळलेल्या रिकाम्या रायफलीवरून खिडकीबाहेर बघत बसले होते आणि त्याला काम म्हणत होते.

तसं ते कामच होतं. लांबच्या नेमबाजीच्या रायफलींना साइट बसवायची, हा त्यांचा धंदा. साइट म्हणजे एक उभी पट्टी. तिला दोन फिरक्या, एक नेम वरखाली करायला, दुसरी डावीउजवीकडे सरकवायला. आणि डोळ्यापाशी रबरी किनारीची काळी चकती, तिच्यात मोहरीएवढं भोक. त्या भोकातून टार्गेट बघायचं. मिस्त्री टार्गेट सोडून सगळं बघत.

कारण वर्षभरापासून त्यांना धड दिसत नव्हतं आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. चष्मा लावणाऱ्याकडे साइट बसवायला कोण येणार? पण बारीक भोकाला डोळा लावला की धूसर जग कसं स्वच्छ व्हायचं. पलीकडच्या टाकीवर पाखरं पंख साफ करत बसलेली दिसायची. समोरच्या गच्चीवरची चादर वाऱ्याने फुगायची, मग सावकाश खाली बसायची. घाई नाही, गोंगाट नाही, भोकापुरतं गोल आणि शांत सगळं. मिस्त्रींचा तास कुठे जायचा त्यांनाच कळायचं नाही. पेपर वाचायलासुद्धा ते ती चकती काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि बायकोची पाठ वळली की डोळ्याला लावत.

"अहो, नळाचा वायसर आणलात ना?" बायकोने आतून विचारलं. "भाऊ कधीचा खोळंबलाय."

तिचा भाऊ प्लंबर होता आणि सदा घाईत असे. मिस्त्रींनी खिशातून काळं गोल काहीतरी काढून त्याच्या हातावर ठेवलं. मोबाइलवर बोलता बोलताच त्याने ते नळाच्या जोडात बसवलं आणि गेला. खिशात उरलेलं काळं गोल मिस्त्रींनी साइटला चढवलं. डोळा लावून पाहिलं तर टाकी नेहमीपेक्षा उजळ दिसली. डोळे सुधारायला लागले, असं वाटून ते मनातल्या मनात हरखले.

संध्याकाळी हेडबाई रायफल न्यायला आल्या. बाईंनी मिस्त्रींना चौथीत शिकवलं होतं. शेजाऱ्याला उत्तर पुटपुटणाऱ्याला त्या तासभर उभं करत, त्यामुळे मिस्त्रींचं बरंचसं बालपण उभ्यानेच गेलं होतं. निवृत्त झाल्यावर बाईंनी नेमबाजी धरली ती सोडलीच नाही.

"उद्या संघाची निवड आहे," बाई म्हणाल्या. "या खेपेला गुण पडले नाहीत तर क्लबचा सेक्रेटरी माझं नाव कायमचं काढणार. मला घरी बसून स्वेटर विणायचे नाहीत. साइट नीट बसलीय ना?"

"एकदम, बाई."

"पाढे म्हणतानाही तू एकदमच म्हणायचास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नळाखाली बादली लावून कमरेवर हात ठेवून उभी होती. नळातून दाभणाएवढी धार पडत होती.

"कसला वायसर दिलात हो भाऊला? अशाने बादली भरायला दुपार होईल."

मिस्त्री बघतच राहिले. काय धार होती! बारीक, सरळ, तिच्यात सकाळचा उजेड थरथरत होता. मोहरीएवढ्या भोकातून यावी तशी. मोहरीएवढ्या म्हटल्याबरोबर चकती नळात गेल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी सायकल काढली.

सायकल दामटत ते मैदानावर पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि बाई चटईवर पालथ्या पडून, नळाच्या वायसरला डोळा लावून नेम धरत होत्या. गोळीबार चालू असताना ओरडायची सोय नव्हती. मिस्त्री मागे गवतात बसले. बाईंच्या हातात आयुष्यभर स्वेटर विणायच्या सुया दिसू लागल्या. मिस्त्रींना रडू यायच्या बेतात होतं.

थोड्या वेळाने बाई उठल्या आणि थेट त्यांच्यापाशी आल्या. "साइटमध्ये काय बसवलंस?"

"नळाचा वायसर, बाई." मिस्त्री सवयीने उभे राहिले. "चुकून. मला दिसत नाही हो. वर्षभर लपवतोय."

बाईंनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग त्यांच्या शेजारी गवतात बसल्या.

"मोतीबिंदू आहे मला," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्या बारीक भोकातून नुसता अंधार दिसायचा. आज एवढ्या ढगाळ हवेत टार्गेट दिसलं. बाकीचे चाचपडले, माझं नाव पहिलं आलंय. मला वाटलं, तू ओळखलंस आणि मोठं भोक बसवलंस."

मिस्त्रींना फार भरून आलं. हो म्हणावं असंही क्षणभर वाटलं, पण कबुली देऊन झाली होती.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," बाई म्हणाल्या. "दोघांनी."

डॉक्टरांनी आधी मिस्त्रींना बसवलं, एक डोळा झाकला आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळीतलं पहिलं अक्षर वाचायला सांगितलं. समोर धुकंच होतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच पुटपुटलं. चौथीपासून ज्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता त्यांचाच आवाज. मिस्त्रींनी निर्धास्तपणे ते अक्षर मोठ्याने म्हटलं.

"चूक," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या, जणू आपण त्या गावच्याच नाही.