शेवटच्या अवतरणचिन्हाची जागा

बोरखडी-कासारे दूध संघात ‘&’ हे चिन्ह पुढेमागे अवतरणचिन्हं असल्याशिवाय टर्मिनलचा, म्हणजे कॉम्प्युटरला कमांड लिहून द्यायच्या खिडकीचा, उंबरा ओलांडत नसे, आणि त्या दुपारी मागचं अवतरणचिन्ह भाचीच्या साखरपुड्याला गेलं होतं.

“रजा दिली कुणी?” कुमुदिनी आवारेनं विचारलं. संघाचे कॉम्प्युटर तीच सांभाळायची.

“आबांनी. घरचं कार्य, नाही कसं म्हणणार?” पुढचं अवतरणचिन्ह म्हणालं.

आता बोला! शीतगृहाचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्यापुरत्या बंद खोलीत राहायचा. त्याला नेटवर्कचं नाव सांगून सुरू केल्याशिवाय टाक्या गार होणार नव्हत्या, आणि दूध तर येऊन पडलेलं. नाव होतं ‘बोरखडी&कासारे’. एकाच गावाचं नाव दुसऱ्याला खपेना, म्हणून अध्यक्ष आबांनी मध्ये हे चिन्ह बसवलं होतं.

कुमुदिनीनं तसंच पाठवून पाहिलं. टर्मिनलनं नेमकी चिन्हापाशी कमांड तोडली. बोरखडी आत जाऊन गप्प बसलं.

“कासारे? असं कुणी इथे राहत नाही,” टर्मिनल म्हणालं.

कासारे कुमुदिनीचं माहेर, बोरखडी सासर. तिनं आबांना फोन लावला.

“नावातलं चिन्ह काढू का?”

“अगं बाई, भलतंच काय! दूध नासलं तर हातापाया पडेन लोकांच्या. चिन्ह काढलंस तर संघच फुटेल.”

तिनं चपला काढल्या आणि कमांडच्या ओळीच्या शेवटी, मागच्या अवतरणचिन्हाच्या जागी, नाव दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“सोडणार नाही ना, ताई?” ‘&’नं घाबरत विचारलं.

“लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?”

“जरा वाका,” पुढचं अवतरणचिन्ह म्हणालं. ती वाकली. टर्मिनलनं सगळ्यांना निरखून आत सोडलं. टाक्या घरघरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मागचं अवतरणचिन्ह पेढे घेऊन हजर झालं. पण ‘&’ कुमुदिनीला सोडेना.

“ताईच राहू देत. यांच्या हाताला सवय आहे.”

कुमुदिनीला बरं वाटलं आणि रडूही आलं. आजवर हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

दुपारी आई कासाऱ्याहून डबा घेऊन आली, बोरखडीहून नवरा. तिचे हात काही मोकळे नव्हते. रिकामं बसलेलं अवतरणचिन्ह उठलं.

“आधी कुणाचा उघडू?”

“दोन्ही एकदम उघड,” कुमुदिनी म्हणाली.