आईसाहेबांच्या ओव्या काळ्या यंत्री बुडाल्या त्याची हकीकत

श्रीगजाननाने अक्षरे सांभाळावी. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तले ते ऐसे. त्या राज्यात संगणकांचे दोन प्रांत, एक पांढऱ्या यंत्रांचा आणि एक काळ्या यंत्रांचा, आणि पुस्तकांची पाने दोहींकडे जुळवीत. मग सरकारांनी फर्माविले की पाने जुळविण्याचा पडदा दोन्ही प्रांती एकसारखा दिसावा, आणि तैसे जाहले. तीच अवजारे डावीकडे, त्याच खिडक्या उजवीकडे, रेघेचा फरक नाही. छापखान्याचे कारभारी दामोदरपंत बहुत संतोषले आणि पांढरी यंत्रे मोडीत काढून सगुणाबाई पानजुळणीकरणीस काळ्या यंत्रापुढे बसविते जाहले. सगुणाबाई म्हणाल्या, "पंत, चार दिवस हात तर बसू द्या." पंत हसले, "अहो बाई, पडदा तोच ना? मग नव्या नवरीसारख्या काय बावरता?"

तो सरकारांच्या मातोश्री आईसाहेब अंथरुणास खिळलेल्या, आणि लेकरे निजविताना स्वतः रचिलेल्या ज्या ओव्यांचे पुस्तक छापावयाचे, त्याच त्यांस आठवेनात. एके सकाळी अवचित आठवू लागल्या. मग धावाधाव जाहली आणि यंत्र उशाशी नेले. सगुणाबाई वही काढू लागल्या, तो पंत म्हणाले, "कागद कशाला? थेट पानावर घ्या." मग आईसाहेब सांगत गेल्या आणि सगुणाबाई उतरवीत गेल्या, आणि प्रत्येक ओवीअंती पंधरा वर्षांच्या सवयीने अंगठा खाली जाऊन पान जतन करी. आईसाहेब थकून निजल्या. तोच वीज गेली. आली तेव्हा पडद्यावर पान कोरे.

"सेव्ह नाही केलंत?" पंत ओरडले.

"दर ओवीला केलं हो!" म्हणोन सगुणाबाईंनी हाताकडे पाहिले. पांढऱ्या यंत्री जतनाची कळ अंगठ्याखाली असे. काळ्या यंत्री ती कोपऱ्यात, करंगळीखाली. अंगठ्याखाली भलतीच कळ होती, आणि यंत्र सारी सकाळ मुके राहिले होते.

आईसाहेब जाग्या जाहल्या त्या पुन्हा कोऱ्या. म्हणाल्या, "वाच गं बाई, मी काय सांगितलं ते."

सगुणाबाईंनी डोळे मिटून म्हटले,

"निजली चूल, निजली ताकाची रवी,
बयोला माझ्या अजून अंगाई हवी."

आईसाहेबांच्या मुखावर हसू आले. "कुणाची गं ही? गोड आहे. पुढं?"

सगुणाबाईंनी बहुत आठविले. बोटांतून गेलेले ओठांवर येईना. त्यांनी आईसाहेबांचा हात धरिला आणि तीच ओवी पुन्हा म्हटली, आणि पुन्हा, जैसे निजेना त्या लेकरास म्हणतात.

सारांश: पौष लागण्याआधी आईसाहेब निवर्तल्या. त्यांच्या नावे पुस्तक निघाले ते एका पानाचे. सगुणाबाईंनी ते करंगळीने जतन केले.