गुलाबकाकांना पसंत पडेल असा टीव्ही

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस चित्र बघतो. आमचे शेजारी गुलाबराव जाधव टीव्हीला टिचकी मारत. हातगाडीवरच्या कलिंगडाला मारतात तशी, बोट वाकवून, टक् टक्. मग लाकडाला कान लावून डोळे मिटून घेत. दुकानदार बिचारा हात बांधून उभा, बाकीची गिऱ्हाइकं गप्प. आणि मग निकाल लागे, "कच्चा आहे, भिया. चला."

झालं! पुढच्या दुकानात.

काका पोलीस खात्याच्या वायरलेसमधून रिटायर झालेले. ज्या ज्या खोक्यातून आवाज निघतो त्या प्रत्येक खोक्यावर शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची पक्की समजूत. आमच्या शहरात राजवाड्यापासून पलासियापर्यंत टीव्हीचं असं एक दुकान नव्हतं, जिथला सेल्समन त्यांना लांबून बघून गोदामात पळत नसे. "चेहऱ्यावर भाळू नका, गळा बघा गळा!" ते मला शिकवत. "चित्राचं काय, दोन दिवसांत सवय होते. बायकोच्या चेहऱ्याची नाही झाली?" हे वाक्य काकूंसमोर म्हणायची मात्र त्यांची छाती नव्हती.

आवाजाची त्यांची सगळी भाषा सराफ्यातली, म्हणजे रात्री तिथे लागणाऱ्या खाण्याच्या गाड्यांवरची. एका टीव्हीचा आवाज सादळलेल्या शेवेचा, दुसऱ्याचा पाक कच्चा, तिसऱ्यात म्हणे तेलच जास्त. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बाऊजी, आपको टीवी लेना है कि कचोरी?"

"कचोरी तो बराबर मिल जाती है," काका शांतपणे म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

गल्लीत तेव्हा टीव्ही एकच, काकांचा; दुकानं ते हिंडत ती दुसऱ्यांच्या टीव्हीसाठी. त्याच्या स्वतःच्या आवाजावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मागून तार काढून पाण्याच्या रांजणाच्या तोंडावर त्यांनी एक भला मोठा स्पीकर बसवला होता. "बेस येतो." आला बेस! सिनेमातली नायिका असो की बातम्या देणारी बाई, सगळ्या विहिरीत पडून मदत मागून राहिल्यात असंच वाटे. तरी आम्ही सगळे मान हलवून वा वा करत असू, कारण रविवारचा सिनेमा फुकट होता.

फुकट म्हणजे पैशाच्या हिशेबाने. बाकी काका पुरेपूर वसूल करत. कोणी कुठे बसायचं ते तेच सांगत. उंच माणसं भिंतीला टेकून, बायका दाराशी, खोकला झालेले ओट्यावर. मध्येच उठायचं नाही. शिवाय पुढची गोष्ट आधी सांगून टाकायची भारी हौस. "हा आता मरतो बरं का," ते म्हणत, आणि तो खरंच मरे. रडायला तयार होऊन आलेल्या बायकांची पार निराशा होई.

माझी बायको सुधा याला कंटाळली. "नवरा सांवेर रोडच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि मी दुसऱ्याच्या दारात चपलांजवळ बसून सिनेमा बघून राहिले! गणपतीच्या आत आपला टीव्ही आला पाहिजे." मी म्हटलं, आणतो की, काकांनाच घेऊन जातो बरोबर. माझी अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती.

पहिला टीव्ही कच्चा निघाला. दुसऱ्याची लाकडी दारं पावसाळ्यात फुगतील म्हणाले. पुढच्या दुकानात तर सगळंच जमून आलं. टिचकी पास, कान पास. मी खिशात हात घातला, तेवढ्यात काका कळवळून म्हणाले, "घ्यायचा तर घ्या भिया, पण हा नाकातून बोलून राहिलाय." दुकानदाराने स्वतःचंच नाक चाचपलं. मी हात खिशातून बाहेर काढला.

"घाई काय आहे?" परतताना ते माझ्या पाठीवर थाप मारत. "रविवारी आमच्याकडे आहेच की."

गणपती आले आणि गेले. दसराही गेला. शर्माजींनाही काकांनी दुकानांतून असंच रिकाम्या हाताने परत आणलं होतं, आणि मास्तरांनाही. गल्लीत टीव्ही एक आणि तज्ज्ञही एक! तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

पेटली ती सुधाची. एका शनिवारी ती मला न सांगता भावाला घेऊन पलासियाला गेली आणि दुपारी टीव्हीसकट टेम्पोतून उतरली.

"टिचकी मारून बघितली का?" मी विचारलं.

"तुमच्या डोक्यात मारते, थांबा."

मेहुण्याने छपरावर अँटेना ठोकली, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. रविवारची दुपार उलटली तरी मुंग्या जागच्या हलेनात. नव्या टीव्हीची बातमी एव्हाना गल्लीभर झालेली, म्हणजे संध्याकाळी सगळी वरात आमच्याकडेच येणार. सुधा म्हणाली, "जा, काकांना बोलवा."

"कोणत्या तोंडाने?"

"ह्याच. दुसरं कुठे आहे?"

गेलो. काका आत दाढी करत होते. काकू बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरत होत्या, आणि कोपऱ्यात शेव-परमल, म्हणजे आपले शेव-कुरमुरे, परातीत कालवून झाकून ठेवलेलं. मी चाचरत टीव्हीचं सांगितलं. काकूंचा हात सतरंजीवरच थांबला.

"टेम्पो आला तेव्हाच कळलं आम्हाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता शर्माजी घेतील, मग मास्तर. तुमच्याबरोबर दुकानातून आले ना हे, की पायरीवरूनच सांगायचे, 'टळलं गं या वेळी!' मुलगा भिलाईला, मुलगी नागपूरला. पत्रं येतात, दिनूभाऊ. पण घरात माणसं दिसतात ती रविवारीच."

मला आधी संतापच आला. म्हणजे कच्चा, नाकातला, फुगणारा, सगळी थाप! म्हाताऱ्याने मला गावभर उगाच हिंडवलं! चांगलं सुनवावं म्हणून तोंड उघडलं, आणि समोर ती परात दिसली. इतकी शेव दोन माणसं किती दिवस खाणार, याचं मला एकदम वाईट वाटलं.

काका टॉवेलने मान पुसत बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. "अँटेनाचं तोंड कुठे आहे?" एवढंच विचारलं आणि चपला घातल्या.

त्या वयात ते आमच्या छपरावर चढले. अँटेना फिरवत राहिले, खालून आम्ही ओरडत राहिलो, आणि एका क्षणी मुंग्या जाऊन माणसं दिसायला लागली. खोलीत जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका खाली उतरले, हात धुतले.

"काका, तुम्ही पुढे बसा," सुधा म्हणाली.

"नाही सूनबाई, आमच्याकडे लोक यायचे असतील."

सगळे लोक आमच्याच खोलीत बसलेले होते. काका निघून गेले आणि सिनेमा सुरू झाला.

माझं काही लक्ष लागेना. थोड्या वेळाने मी उठलो आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. टीव्ही चालू होता. काका आपल्या खुर्चीत, काकू दाराशी त्यांच्या रविवारच्या जागेवर, आणि मधली सगळी सतरंजी रिकामी. काका त्या सतरंजीकडे बघून सांगत होते, "हा खरा भाऊ नाही बरं का. शेवटी कळतं."

मी आत जाऊन बसलो. त्यांनी वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला मान खाली घालावी लागली.

"काय हो? बंद पडला की काय तुमचा?"

"हो काका," मी म्हटलं. "एकदम गेला."

आमच्या खिडकीतून नायकाचा आवाज गल्लीभर खणखणीत येत होता. काकांनी तो ऐकला. मग ते उठले, आपल्या टीव्हीचा आवाज चांगला मोठा केला, आणि काकूंना म्हणाले, "अगं, शेव वाढ. दिनूभाऊ आलेत."